नॅन्सी रॅबले

नॅन्सी रॅबले (जन्म: १९५०) या अमेरिकन सागरी परिसंस्थाशास्त्रज्ञ आहेत. मिसिसिपी नदीतून वाहत येणारी पोषकद्रव्ये आणि मेक्सिकोच्या आखातात दर उन्हाळ्यात तळाजवळच्या पाण्यात पडणारी ऑक्सिजनची तूट यांचा संबंध त्यांनी सहकाऱ्यांसह अनेक वर्षांच्या सलग मोजणीतून प्रस्थापित केला. ऑक्सिजन खालावलेला हा पट्टा 'मृत क्षेत्र' या नावाने ओळखला जातो. हे नाव काहीसे दिशाभूल करणारे आहे, कारण पृष्ठभागाजवळच्या पाण्यात त्याच वेळी जीवसृष्टी विपुल असते. किंबहुना त्या विपुलतेतूनच तळाची गुदमर सुरू होते.

== शिक्षण व कारकीर्द ==

रॅबले यांचे पदवी व पदव्युत्तर शिक्षण टेक्सासमधील किंग्जव्हिल येथे झाले. १९८३ मध्ये त्यांनी ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाची पीएच.डी. पदवी मिळवली आणि त्याच वर्षी त्या लुईझियाना युनिव्हर्सिटीज मरीन कन्सॉर्शियम या संस्थेत रुजू झाल्या. लुईझियानाच्या दलदलीच्या किनाऱ्यावरील कोकोड्री येथे या संस्थेचे सागरी केंद्र आहे. २००५ ते २०१६ या काळात त्या संस्थेच्या कार्यकारी संचालक होत्या. पुढे त्या लुईझियाना स्टेट विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. त्यांच्या अनेक शोधनिबंधांचे सहलेखक यूजीन टर्नर हे त्यांचे पती आहेत.

== ऑक्सिजन घटण्याची प्रक्रिया ==

मिसिसिपीच्या खोऱ्यात अमेरिकेच्या सलग भूभागाचा सुमारे ४१ टक्के भाग येतो. आयोवा, इलिनॉय, इंडियाना आदी राज्यांतील मका व सोयाबीनची विस्तीर्ण शेती याच खोऱ्यात आहे. पिकाने न शोषलेले नायट्रेट शेताखाली बसवलेल्या निचऱ्याच्या नळ्यांमधून ओढ्यांत आणि तेथून नदीत उतरते. १९८० ते १९९६ या काळात नदीने आखातात दर वर्षी सरासरी सुमारे १६ लाख टन नायट्रोजन आणून सोडला.

वसंत ऋतूत पुराबरोबर आलेले हे नायट्रोजन व फॉस्फरस समुद्रातील वनस्पतिप्लवकांना खत ठरतात आणि त्यांची बेसुमार वाढ होते. मृत प्लवक व प्राणिप्लवकांची विष्ठा तळाशी साचते आणि तिचे विघटन करताना जीवाणू पाण्यातील ऑक्सिजन वापरून टाकतात. मात्र केवळ एवढ्याने तूट पडत नाही. नदीचे हलके गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर पसरलेले असते आणि उन्हाळ्यात ते तापते. दोन थरांच्या घनतेतील फरकामुळे ते मिसळत नाहीत, त्यामुळे वरचा ऑक्सिजन खाली पोहोचत नाही. हा अडसर वादळाने किंवा शरद ऋतूतील वाऱ्यांनी मोडेपर्यंत टिकतो.

== वार्षिक सर्वेक्षण ==

आखाताच्या उत्तर भागात ऑक्सिजन कमी असल्याच्या तुरळक नोंदी १९७० च्या दशकात झाल्या होत्या. पण हा प्रकार किती पसरलेला आहे आणि दर वर्षी घडतो का, याचा उलगडा झालेला नव्हता. १९८५ मध्ये रॅबले व सहकाऱ्यांनी समुद्रबूड जमिनीवर ठरावीक केंद्रांचे जाळे आखले आणि जुलैच्या उत्तरार्धात तेथील पाण्याची पृष्ठभागापासून तळापर्यंत तपासणी सुरू केली. लिटरमागे २ मिलिग्रॅम विद्राव्य ऑक्सिजन ही त्यांनी वापरलेली मर्यादा अनुभवातून आलेली आहे: पातळी याखाली गेली की तळाशी ओढलेल्या जाळ्यात कोळंबी आणि तळाचे मासे जवळजवळ सापडत नाहीत. पळू शकणारे प्राणी निघून जातात. गाळात राहणारे कृमी बिळांतून बाहेर येऊन निपचित पडतात, आणि तूट तीव्र झाल्यास काळ्या गाळावर गंधकजीवी जीवाणूंची पांढरी साय धरते. अशी दृश्ये रॅबले यांनी स्वतः पाणबुडी साधने लावून तळाशी उतरून पाहिली आहेत.

सर्वेक्षणाचे खरे मोल त्याच्या सातत्यात आहे. १९८८ च्या अवर्षणात जुलैमध्ये हा पट्टा केवळ ४० चौरस किलोमीटर भरला, तर १९९३ च्या महापुरानंतर त्याचे क्षेत्र आधीच्या वर्षांच्या सरासरीच्या सुमारे दुप्पट झाले. नदीचा प्रवाह व नायट्रेट यांच्याशी असलेले नाते यातून स्पष्ट होत गेले. २०१७ मध्ये २२,७२० चौरस किलोमीटर हे आतापर्यंतचे सर्वाधिक क्षेत्र नोंदले गेले. ते गोवा राज्याच्या सहापटीहून अधिक आहे. २०२० मध्ये 'हॅना' चक्रीवादळाने पाणी घुसळल्यामुळे ते सुमारे ५,५०० चौरस किलोमीटरपर्यंत आकसले. अशा एखाद्या वर्षाच्या आकड्यावरून सुधारणेचा किंवा ऱ्हासाचा निष्कर्ष काढता येत नाही.

== गाळातील पुरावा ==

१९८५ पूर्वीची पद्धतशीर मोजणी नसल्यामुळे ही तूट पूर्वापार नैसर्गिक असावी, असा आक्षेप घेता येत होता. त्याचे उत्तर समुद्रतळाच्या गाळात मिळाले. वर्षानुवर्षे साचलेल्या थरांचे उभे नमुने काढून त्यांचे कालमापन करण्यात आले. टर्नर व रॅबले यांनी १९९४ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवून दिले की, डायटम या सिलिकाचे कवच असलेल्या सूक्ष्म शैवालांचे गाळातील अवशेष नदीतील नायट्रोजनच्या वाढीबरोबर वाढत गेले आहेत.

दुसरा पुरावा फोरॅमिनिफेरा या एकपेशीय जीवांच्या कवचांचा होता. बरुण सेन गुप्ता, टर्नर व रॅबले यांच्या १९९६ च्या अभ्यासात ऑक्सिजनची तूट सोसणाऱ्या 'अमोनिया' या प्रजातीचे प्रमाण कमी सोशिक 'एल्फिडियम'च्या तुलनेत अलीकडच्या थरांत वाढलेले आढळले. विसाव्या शतकापूर्वीच्या थरांत ठळकपणे दिसणारी, ऑक्सिजनच्या बाबतीत संवेदनशील 'क्विन्क्विलोक्युलिना' वरच्या थरांतून नाहीशी झाली होती. तुटीची चिन्हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे रासायनिक खतांचा वापर झपाट्याने वाढला त्या काळात, अधिक तीव्र झालेली दिसतात. गाळात साचलेल्या सेंद्रिय द्रव्याचा परिणाम पुढील वर्षांवरही होतो आणि तेवढ्याच नायट्रोजनमुळे आता पूर्वीपेक्षा मोठे क्षेत्र बाधित होते, असे या गटाने २००८ मध्ये मांडले.

== धोरण व वाद ==

१९९८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने अपायकारक शैवालवाढ व ऑक्सिजनची तूट यांविषयी कायदा केला. त्यानुसार २००० मध्ये आखाताचे एकात्मिक मूल्यमापन सादर झाले. रॅबले यांच्या नोंदी त्याचा महत्त्वाचा आधार होत्या. २००१ च्या कृती आराखड्याने पट्ट्याचे पाच वर्षांचे सरासरी क्षेत्र २०१५ पर्यंत ५,००० चौरस किलोमीटरच्या आत आणण्याचे उद्दिष्ट ठरवले.

शेतीकडे बोट दाखवणारा हा निष्कर्ष शेतकरी संघटनांना सहज मान्य झाला नाही. दोष कोणत्या पोषकद्रव्याचा, यावरही वाद झाला. २००४ मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेच्या एका प्रादेशिक कार्यालयाने नायट्रोजनऐवजी फॉस्फरसवर भर देणारी भूमिका मांडली. २००७ मध्ये त्याच संस्थेच्या विज्ञान सल्लागार मंडळाने दोन्हींत किमान ४५ टक्के घट हवी, असे म्हटले. उपाय बव्हंशी ऐच्छिक राहिले. शेतात नायट्रोजन अडवण्याचा खर्च आयोवातील शेतकऱ्याने करायचा आणि लाभ हजारो किलोमीटर दूरच्या कोळंबी पकडणाऱ्याला व्हायचा, ही अडचण कोणत्याही आराखड्याने सोडवलेली नाही. २०१५ मध्ये उद्दिष्टाची मुदत २०३५ पर्यंत पुढे ढकलण्यात आली. २०२४ च्या सर्वेक्षणात क्षेत्र सुमारे १७,४०० चौरस किलोमीटर, म्हणजे उद्दिष्टाच्या तिपटीहून अधिक होते.

== भारताच्या पश्चिम किनाऱ्याशी तुलना ==

ऑक्सिजनची प्रत्येक तूट मानवनिर्मित नसते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात अरबी समुद्रातील ऑक्सिजन कमी असलेले खोल पाणी भारताच्या पश्चिम किनाऱ्याकडे वर सरकते आणि त्यावर पावसाच्या व नद्यांच्या गोड्या पाण्याचा पातळ थर पसरतो. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या एस. डब्ल्यू. ए. नक्वी यांनी सहकाऱ्यांसह २००० मध्ये 'नेचर'मध्ये या किनाऱ्यावरील तुटीचे व त्यातून निर्माण होणाऱ्या नायट्रस ऑक्साइडचे वर्णन केले. ही नैसर्गिक स्थिती जमिनीवरून येणाऱ्या नायट्रोजनमुळे तीव्र होत असण्याची शक्यताही त्यांनी मांडली. नैसर्गिक व मानवनिर्मित तुटीचा आढावा घेणाऱ्या २०१० च्या आंतरराष्ट्रीय शोधनिबंधाच्या लेखकांत रॅबले व नक्वी दोघेही आहेत.

== सन्मान ==

रॅबले यांना टर्नर यांच्यासह १९९९ चा ब्लास्कर पुरस्कार मिळाला. २०११ मध्ये हाइन्झ पुरस्कार आणि २०१२ मध्ये मॅकआर्थर पाठ्यवृत्ती त्यांना देण्यात आली. २०२१ मध्ये त्या अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या सदस्य म्हणून निवडल्या गेल्या.