इझुमो ताइशा

जपानच्या शिमाने प्रांतातील ओकुनिनुशी या देवतेचे प्राचीन शिंतो देवस्थान (पहा : शिंतो धर्म).

त्याची उत्पत्तिकथा इ. स. ७१२ च्या ‘कोजिकी’ या ग्रंथात आहे. सध्याचे लाकडी मुख्य मंदिर १७४४ चे असून उंची सुमारे २४ मी. आहे. पूर्वीचे मंदिर ४८ मी. उंच होते, ही परंपरा अतिशयोक्त वाटे. मात्र २००० साली आवारात तीन-तीन खोडे एकत्र बांधून केलेल्या, सुमारे ३ मी. व्यासाच्या खांबांचे अवशेष सापडले आणि तिचा नव्याने विचार करावा लागला.

भाविक तोरणांखालून उतरत्या वाटेने येतात, हात-तोंड धुतात, दोनदा वाकून चार टाळ्या वाजवतात व पुन्हा एकदा वाकतात. इतरत्र बहुधा दोनच टाळ्या असतात.

चांद्र वर्षाच्या दहाव्या महिन्यात जपानभरचे देव विवाहादी ऋणानुबंध ठरवण्यासाठी येथे जमतात, अशी श्रद्धा आहे. इझुमोबाहेर तो ‘देवांविना महिना’ ठरतो.