लुकलुकणारा तांबडा दिवा

१/ कळ दाबली की तांबडा दिवा लागे, क्षणात विझे, पुन्हा लागे. टीव्हीचा पडदा रिकामाच. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील असंख्य मुलांनी निन्टेन्डोच्या एनईएस या गेमयंत्राचे हे दुखणे अनुभवले. यंत्राला वीज मिळत नसावी, असा त्यांचा समज होई. वस्तुतः वीज व्यवस्थित येत होती. यंत्र स्वतःच स्वतःला सेकंदासेकंदाला बंद करून पुन्हा सुरू करीत होते, आणि तेही हेतुपुरस्सर.

२/ या हेतूचे मूळ १९८३च्या बाजारकोसळणीत आहे. अटारीच्या यंत्रासाठी कोणीही कार्ट्रिज बनवून विकू शकत असे. सुमार गेम्सचा पूर आला. अमेरिकेतील घरगुती व्हिडिओ गेम्सची उलाढाल सुमारे ३.२ अब्ज डॉलरवरून १९८५पर्यंत १० कोटींच्या आसपास घसरली. अटारीने न खपलेला माल न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे कचऱ्याच्या खड्ड्यात पुरला. ही दंतकथाच असे अनेकांना वाटे. २०१४मध्ये उत्खनन झाले आणि कार्ट्रिजेस खरोखरच वर आली. (पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांनो, आपलेही दिवस येतील!)

३/ त्याच वर्षी, जुलै १९८३मध्ये, निन्टेन्डोने जपानमध्ये फॅमिकॉम आणले होते. १९८५मध्ये तेच यंत्र न्यूयॉर्कच्या दुकानांत एनईएस म्हणून अवतरले, पण दोन बदल करून. व्हिडिओ गेम या शब्दालाच दुकानदार बिचकत होते, म्हणून रूप व्हीसीआरसारखे दिले. पुढचे झाकण उघडायचे, कार्ट्रिज आडवे सरकवायचे, मग खाली दाबायचे. आतल्या ७२ पिना या वाकण्यामुळे कालांतराने सैल पडत.

४/ दुसरा बदल म्हणजे ‘टेन-एनईएस’ नावाचे कुलूप. एक चिप यंत्रात, तिची जोडीदार कार्ट्रिजमध्ये. दोघी एकाच पद्धतीने आकड्यांची मालिका तयार करून ताडून पाहत. मेळ बसला नाही की यंत्रातील चिप रीसेट करी, साधारण सेकंदाला एकदा. कार्ट्रिज बनविण्याची मक्तेदारी त्यामुळे निन्टेन्डोकडे राहिली. परवानाधारक कंपन्यांना वर्षाला पाचच गेम्सची मर्यादाही घालता आली. हे सारे दर्जासाठी, असे सांगितले जाई. मला ते अर्धेच पटते. अधिकृत शिक्का मिरविणारे रद्दी गेम्सही थोडे नव्हते.

५/ आता दोन्ही बदल एकत्र पाहा. पिना सैल, त्यावर धूळ; चिपांचे संभाषण तुटते. चोर कोण आणि धूळ कोणती, हे कुलपाला कळत नव्हते. पैसे मोजून आणलेले अस्सल कार्ट्रिजही ते परके ठरवी.

६/ म्हणून या यंत्राचे निदान दिव्यावरून करावे. दिवा लागतच नसेल, तर आधी अडॅप्टर पाहावा. दिवा स्थिर पण चित्र विस्कटलेले, तर कुलूप समाधानी आहे, इतर पिना मळल्या आहेत. दिवा लुकलुकत असेल, तर कुलपाचा संपर्क तुटला आहे. अशा वेळी कार्ट्रिजची कड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. न जमल्यास ७२ पिनांचा जोड बदलावा. जाणकार दुरुस्तीवाले यंत्रातील चिपची चौथी पिनच तोडत. मग ती कुलूप न राहता किल्लीसारखी वागू लागे आणि रीसेट थांबे.

७/ आणि फुंकर? गुण होता तो बहुधा कार्ट्रिज काढून पुन्हा बसविण्याचा. श्वासातील ओलाव्याने पिना गंजतात, असे निन्टेन्डोने पुढे बजावलेही. आपल्याकडे १९९०च्या दशकात आलेली यंत्रे बहुतांशी फॅमिकॉमच्या नकला होत्या. ६० पिना, ‘कॅसेट’ वरून खोचायची, कुलूप नाही. म्हणूनच ‘९९९९ इन १’ कॅसेट त्यांवर बिनदिक्कत चाले. फुंकर मात्र आपणही तितक्याच श्रद्धेने मारली!

८/ कुलपाला आव्हान दिले ते अटारीच्याच वारशातील अटारी गेम्सने. खटल्यासाठी हवी आहे अशी खोटी सबब सांगून तिने अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयातून चिपच्या प्रोग्रामची प्रत मिळविली. १९९२मध्ये अपील न्यायालयाने तिच्याविरुद्ध कौल दिला. पुढच्याच वर्षी निन्टेन्डोने एनईएसची स्वस्त आवृत्ती ४९.९९ डॉलरला विक्रीस आणली. तीत कार्ट्रिज वरून बसे, कुलपाची चिप नव्हती, आणि तो तांबडा दिवाही नव्हता.