पुणे मातृपोषण अभ्यास

गर्भारपणातील आहाराचा बाळाच्या वाढीवर आणि पुढील आयुष्यातील आरोग्यावर होणारा परिणाम तपासणारे दीर्घकालीन संशोधन. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली ते १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू झाले. कमी वजनाने जन्मलेल्यांना प्रौढपणी हृदयविकाराचा धोका अधिक असतो, असे इंग्लंडमधील साउदॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर यांनी दाखवले होते. तेथील संशोधकही या कामात सहभागी झाले.

पद्धती : विवाहित स्त्रियांची शारीरिक मापे गर्भधारणेपूर्वीच घेण्यात आली. पुढे गरोदरपणी त्यांचा आहार, शेतातील व घरातील कष्ट आणि रक्तातील पोषकद्रव्ये यांची नोंद झाली. बाळ जन्मल्यावर ७२ तासांच्या आत प्रशिक्षित कार्यकर्ते त्याचे वजन, लांबी, दंडाचा व पोटाचा घेर मोजत. पाठीवर फऱ्याखालील त्वचा चिमटीत धरून तिची जाडी कॅलिपरने घेत. त्वचेखालील चरबीचा अंदाज या मापावरून येतो.

निष्कर्ष : येथील पूर्ण दिवसांच्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो भरले. पुण्याच्या बाळांचे पोट आणि स्नायू लहान होते. पाठीवरील चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. अशा बाळाला ‘कृश-स्थूल’ म्हटले जाते. पालेभाज्या, फळे व दूध अधिक घेणाऱ्या मातांची बाळे आकाराने मोठी होती. एकूण उष्मांकांशी तसा संबंध दिसला नाही. अतिकष्ट करणाऱ्या मातांची बाळे लहान भरली.

सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. हे जीवनसत्त्व मुख्यतः प्राणिजन्य अन्नातून मिळते आणि येथील जेवण बहुतांशी शाकाहारी असते. फोलेट या ब गटातील दुसऱ्या जीवनसत्त्वाची उणीव मात्र जवळजवळ नव्हती. ज्या मातांमध्ये ब-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी रक्तातील साखर नियंत्रित करणाऱ्या इन्शुलिनला शरीराकडून होणारा प्रतिरोध सर्वाधिक आढळला. मधुमेहाची वाट याच प्रतिरोधातून जाते. हे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले.

महत्त्व : बाळाचे वजन हा पोषणाचा पुरेसा निकष नाही, हे या अभ्यासाने दाखवून दिले. पोट भरणे आणि पोषण होणे यांतील फरकही त्यातून आकड्यांनिशी पुढे आला. याच अभ्यासातील मुले-मुली किशोरवयात आल्यावर, पुढच्या पिढीचे आरोग्य सुधारते का हे पाहण्यासाठी, २०१२ मध्ये त्यांना ब-१२ देण्याची चाचणी सुरू झाली.