लोणारच्या गाळात उतरताना

बुलढाण्यातल्या लोणारच्या विवराची कड उतरा. धार या झऱ्याचं गोड पाणी मागे राहतं, झाडी संपते, चिखल पायाला चिकटू लागतो आणि नाकात उग्र वास शिरतो. तळ्याच्या पाण्यातला खार समुद्राचा नव्हे. बेसॉल्ट झिजून निघालेलं सोडियम या बंद वाडग्यात साठत गेलं. पाण्याला बाहेर जायला वाट नाही, ऊन तेवढं ते उचलून नेतं. त्यामुळे सामू १० च्या आसपास. काच आणि साबणासाठी लागणारं सारं इथे मिळतं, अशी नोंद ऐन-ए-अकबरीतही आहे.

आता गाळातच शिरा. तळातून काढलेला १० मीटरचा गाभा सुमारे ११ हजार वर्षांचा आहे. म्हणजे सरासरीने एक मीटर खाली गेलात की हजारेक वर्षं मागे.

६०० वर्षं मागे गेलात की बोटांना टोकदार खडे लागू लागतात. हे गेलुसाइट, सोडियम आणि कॅल्शियमचं कार्बोनेट. तळं आटत राहिलं, सोडा दाट झाला, तरच ते जमतं. पाणी पुन्हा गोडं झालं तर त्याचं साधं कॅल्साइट होतं. त्यामुळे शाबूत खडा दुहेरी साक्ष देतो: तेव्हा कोरड होती, आणि पुढेही तळाचं पाणी फारसं निवळलं नाही.

हे खडे २००० वर्षांपूर्वीपर्यंत भेटत राहतात. मध्येच डोकं वर काढा. गावात टाकीचे घाव ऐकू येतील. दैत्यसूदनाचं मंदिर याच कोरड्या शतकांतलं. पाऊस थांबला होता असं नव्हे, पडे त्याहून जास्त उडून जाई. अशा काळात इतकं कोरीव काम उभं राहिलं, हे मला थक्क करतं. धारेसारख्या बारमाही झऱ्याची किंमत त्या माणसांना नक्की ठाऊक असणार.

मग मऊ गाळ, आणि ३९०० वर्षांपाशी पुन्हा खडे, थेट ४६०० पर्यंत. सातशे वर्षं! याच कोरडीच्या अखेरीस सिंधूकाठची नगरं ओस पडू लागतात. एका तळ्यावरून त्याचं कारण ठरवता येणार नाही. पण कोरड सिंधपुरती नव्हती, हे बुलढाण्याच्या मातीत दिसतं.

आणखी खाली, ९००० वर्षांपूर्वी, मान्सून जोरात आहे. कड्यांवरून गढूळ लोट कोसळताहेत, तळं फुगलंय. या थरांत गेलुसाइट सापडत नाही. सोडा दाट व्हायला पावसाने उसंतच दिली नाही.