सातबारा नेमका अडतो कुठे?

मराठवाड्यातली जमिनीची नोंद पाऊण शतकात अनेकदा नव्या रूपात उतरली. हैदराबादी अमलातून आलेले पहाणी पत्रक, १९५४-५५ चे खासरा पत्रक, मग १९६६ च्या महसूल संहितेखालचा सातबारा. कागदाच्या काळात उतारा का मिळत नाही हे तलाठी सांगू शके: दप्तर तहसीलला गेले आहे, किंवा कोर्टात अडकले आहे.

पहिल्या संगणकीकरणातही हे फारसे बदलले नाही. तालुक्याचा डेटा तहसील कार्यालयातच असे आणि वैजापूरचा उतारा वैजापूरलाच निघे. ई-फेरफार ही ऑनलाईन फेरफार नोंदीची प्रणाली आल्यावर साऱ्या तालुक्यांचा डेटा युनिकोडमध्ये आणून मुंबईच्या राज्य डेटा सेंटरमध्ये एकत्र ठेवला गेला. दुय्यम निबंधकाकडे झालेल्या खरेदीखताची माहिती तलाठ्याला थेट मिळू लागली. सुधारणा मोलाचीच होती, पण तिच्याबरोबर संथपणाही आला.

२०१७ च्या उन्हाळ्यात चावडी वाचन, म्हणजे सातबाऱ्याचे गावासमोर जाहीर वाचन, आणि नोंदींची दुरुस्ती राज्यभर एकाच वेळी सुरू झाली, तेव्हा अनेक तलाठ्यांनी रात्री जागून कामे उरकली. दिवसा हलत नसलेली साईट रात्री पळत असे. खरे निदान याच अनुभवात होते. सोयगाव-कन्नडच्या डोंगरपट्ट्यात दुपारी सातबाऱ्याची साईट अडलेली असताना त्याच डेटाकार्डवर दुसरी साईट झटकन उघडत असेल, तर दोष लाईनचा नाही. गर्दी मध्यवर्ती सर्व्हरवर आहे. सगळ्याच गटांचे काम संथ असेल तर क्षमता अपुरी. एकच गट अडत असेल, तर त्यातले शेकडो खातेदार आणि जुने फेरफार शोधण्याची पद्धत तपासायला हवी. तिथे नवा सर्व्हर आणूनही फारसे काही साधत नाही.

पुढे १ मे २०१८ ला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आला, डेटा क्लाऊडवर गेला आणि उतारा काढणे पुष्कळ सोपे झाले. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या, ॲपवर पीक नोंदवण्याच्या ई-पीक पाहणीत मात्र तीच अडचण पुन्हा उभी राहिली: ठरावीक मुदत, लाखो शेतकरी, अडलेले ॲप. त्यावर मुदतवाढ मिळते आणि ती गरजेचीही असते, पण तिने संथपणाचे कारण सापडत नाही.

म्हणून तक्रार नोंदवताना ‘सर्व्हर डाऊन’ एवढ्यावर थांबू नये. वेळ, गाव, गट क्रमांक आणि काम कोणत्या टप्प्यावर अडले, हे चारही तपशील लिहावेत.