पसंतीचे आकडे आणि इतिहासाचा निवाडा

फेब्रुवारी १९५२ मध्ये गॅलप संस्थेने अमेरिकी नागरिकांना राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांच्या कारभाराविषयी विचारले, तेव्हा शंभरांतल्या अवघ्या २२ जणांनी तो पसंत असल्याचे सांगितले. ऑगस्ट १९७४ मध्ये वॉटरगेट प्रकरणापायी पदत्याग करण्याच्या सुमारास रिचर्ड निक्सन यांचा आकडा २४ होता. हे दोन आकडे शेजारी मांडले, तर ट्रूमन निक्सनपेक्षाही नावडते ठरतात. पुढे २००० साली सी-स्पॅन वाहिनीने इतिहासकारांकडून सर्व राष्ट्राध्यक्षांची क्रमवारी करून घेतली, तीत मात्र ट्रूमन पाचवे आले. मग चुकले कोण, लोक की इतिहासकार? उत्तराची घाई करण्याआधी तो आकडा नेमके काय मोजतो, हे पाहिलेले बरे.

आम्ही भाषेचे अध्यापक, तेव्हा आरंभ शब्दापासूनच करतो. आपली वृत्तपत्रे या आकड्याला सर्रास 'लोकप्रियता' म्हणतात, आणि आम्हीही वर्षानुवर्षे तोच शब्द निःशंकपणे वापरीत आलो. मूळ प्रश्न मात्र असा असतो, की अमुक राष्ट्राध्यक्ष आपले काम ज्या रीतीने करीत आहेत, ते तुम्हांस पसंत आहे की नापसंत? यात प्रेमाची विचारणा नाही, आदराची नाही, पुन्हा मत देण्याचीही नाही. १९ डिसेंबर १९९८ रोजी प्रतिनिधिगृहाने बिल क्लिंटन यांच्यावर महाभियोग मंजूर केला आणि त्याच दिवसांत त्यांची पसंती ७३ टक्क्यांवर, म्हणजे त्यांच्या कारकिर्दीतील शिखरावर पोहोचली. लोकांनी त्यांच्या वर्तनाला दिलेला तो दाखला नव्हता. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी बहुतेकांना शंकाच होती. कारभार मात्र बरा चालला आहे, असे ते सांगत होते. 'लोकप्रियता' या शब्दात ही दोन उत्तरे एकमेकांत मिसळून जातात.

दुसरी अडचण तुलनेची. १९६१ मध्ये क्यूबावरील 'बे ऑफ पिग्ज'ची मोहीम पुरती फसली, आणि त्यानंतर केनेडींची पसंती ८३ टक्क्यांवर गेली. थोरले जॉर्ज बुश १९९१ मध्ये आखाती युद्धानंतर ८९ टक्क्यांवर होते. पुढच्याच वर्षीच्या उन्हाळ्यात ते २९ वर उतरले आणि नोव्हेंबरात निवडणूक हरले. धाकटे बुश ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यापूर्वी ५१ टक्क्यांवर होते, दोनच आठवड्यांत ९० वर गेले आणि ऑक्टोबर २००८ मध्ये २५ वर आले. संकटसमयी माणसे राष्ट्रप्रमुखाच्या पाठीशी उभी राहतात. त्या क्षणीचा आकडा त्याच्या कर्तबगारीपेक्षा देशाच्या मनःस्थितीविषयीच अधिक सांगतो. शिवाय काळही बदलला. आयझेनहॉवर यांच्या काळात विरोधी पक्षाचे जवळजवळ निम्मे लोक त्यांच्या कामाला पसंती देत. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत हे प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली होते. जिथे निम्मा देश आधीच 'नाही' म्हणायला बसला आहे, तिथले ४५ आणि १९५५ सालचे ४५ हे एकाच मापाचे आकडे नव्हेत.

आता विश्वासाचा प्रश्न. १९३६ साली 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठविल्या. वीस लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यांच्या आधारे साप्ताहिकाने लँडन यांचा विजय जाहीर केला. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. पत्ते प्रामुख्याने टेलिफोनधारकांच्या व मोटारमालकांच्या याद्यांतले होते, आणि उत्तर पाठविणारेही साऱ्या देशाचे प्रतिनिधी नव्हते. कितीतरी लहान नमुना घेऊन जॉर्ज गॅलप यांनी विजेता अचूक सांगितला. पण याच गॅलपनी १९४८ मध्ये ट्रूमन हरणार असे सांगितले, कारण मुलाखती मतदानाच्या बऱ्याच आधी थांबविल्या गेल्या होत्या आणि माणसे निवडण्याची मोकळीक मुलाखतकारांना होती. प्यू संशोधन केंद्राच्या टेलिफोन चाचण्यांना १९९७ मध्ये ३६ टक्के लोक प्रतिसाद देत. २०१८ मध्ये केवळ ६ टक्के. न बोलणाऱ्या ९४ जणांचे मन बोलणाऱ्या सहांवरून ताडायचे, हे आजच्या चाचणीकारांपुढचे कोडे आहे.

तरी निवडणुकीच्या अंदाजाला निदान मतमोजणीचा दिवस असतो. त्या दिवशी चूक उघडी पडते आणि पद्धत सुधारते. १९३६ व १९४८ नंतर असेच घडले. पसंतीच्या आकड्याला असा दिवस कधीच उगवत नाही. म्हणून तो वाचताना अधिक सावध राहावे लागते. एकाच संस्थेने, एकाच शब्दांत, वारंवार विचारलेल्या प्रश्नाचा चढउतार विश्वसनीय मानावा. एकटा आकडा जपून घ्यावा. हजार-दीड हजारांच्या नमुन्यात तीनेक टक्क्यांची चूक अंगभूतच असते. तेव्हा ट्रूमन यांचे २२ आणि निक्सन यांचे २४ यांत कोण खाली, हे सांगताच येणार नाही.

आणि आरंभीचा प्रश्न? आमच्या मते लोकही चुकले नव्हते आणि इतिहासकारही नाहीत. १९५२ मध्ये कोरियातले युद्ध संपत नव्हते, भ्रष्टाचाराची प्रकरणे गाजत होती. लोकांनी त्या दिवसाचे खरे उत्तर दिले. एप्रिल १९५१ मध्ये ट्रूमन यांनी जनरल मॅकार्थर यांना पदावरून दूर केले, तेव्हा जनमत सेनापतीच्या बाजूने होते आणि न्यूयॉर्कने त्याची मिरवणूक काढली. सैन्य मुलकी सत्तेच्या अधीनच राहिले पाहिजे, या त्या निर्णयामागच्या तत्त्वाचे मोल पुढच्या पिढ्यांना उमगले. त्या वसंतात पसंतीचा आकडा पाहून ट्रूमन यांनी हात आखडता घेतला असता, तर आकडा कदाचित सावरला असता. लोकशाहीचा एक महत्त्वाचा दंडक मात्र दुबळा झाला असता. राज्यकर्त्याने लोकांचे म्हणणे जरूर ऐकावे, आणि आपण वाचकांनी ते आजचे म्हणणे आहे, इतके ध्यानात ठेवावे.