अल-कायदाचा शोध कुठून सुरू करायचा?

अल-कायदा म्हटलं की आपण थेट 2001 वर जातो. मीही तेच करायचो. पण आधी ऑगस्ट 1988 मधल्या पेशावरच्या बैठकांची टिपणं वाचा. 2002 मध्ये सारायेव्होत एका धर्मादाय संस्थेवरच्या छाप्यात ती सापडली. वाचायला अगदी रुक्ष! सदस्यत्वाच्या अटी काय, तर आज्ञापालन, चांगली वागणूक, विश्वासू माणसाची शिफारस. (पीएच.डी.चा प्रवेश आठवला, असो.)

त्याआधी, 1984 पासून, अब्दुल्ला अझ्झामचं 'सेवा कार्यालय' अरब स्वयंसेवकांना सोव्हिएत फौजांशी लढायला मदत करायचं; पैसा बराचसा बिन लादेनचा. मुस्लिम भूमीत परकी फौज आली तर लढणं हे प्रत्येकाचं वैयक्तिक कर्तव्य, ही अझ्झामची मांडणी. 1989 मध्ये सोव्हिएत फौजा परतल्या, अझ्झामही मारला गेला. संघटना मात्र उरली. शत्रू नंतर बदलला. 1990 मध्ये अमेरिकी फौजा सौदीत उतरल्या आणि कर्तव्याची तीच भाषा ताणत ताणत फेब्रुवारी 1998 च्या जाहीरनाम्यात सामान्य अमेरिकी नागरिकांपर्यंत नेली गेली. त्याच ऑगस्टमध्ये नैरोबी आणि दार-एस-सलामच्या अमेरिकी दूतावासांवरच्या स्फोटांत 224 माणसं मेली. त्यात अमेरिकी होते 12.